घड्याळजींचे तीनशे बारा दगड

खनिज संग्राहक मंडळाचं अध्यक्षपद डॉक्टरबाईंच्या गळ्यात पडलं ते सहा वर्षांपूर्वी, केवळ त्या सभेला उशिरा पोचल्या म्हणून. एका पेशंटची अक्कलदाढ हटून बसली होती. ती उपटून धावतपळत येऊन पाहतात तो निवड झालेली, टाळ्या वाजलेल्या आणि चहा संपलेला. तेव्हापासून आठवडाभर लोकांचे दात आणि रविवारी मंडळातल्यांची तोंडं, असा त्यांचा संसार चालला होता. "दातांना निदान भूल तरी देता येते," असं त्या नवऱ्याला म्हणत.

मंडळ बावीस जणांचं, पण कामाला उभे राहणारे दोघंच. एक रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत; आणि दुसरा प्लंबर, ज्याच्याकडे टेम्पो होता. या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकानं दगड उजेडात धरला की दुसऱ्यानं तो सावलीत न्यायचाच.

त्या वर्षी घड्याळजी वारले. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस मंडळातला सगळ्यात नेटका संग्राहक. त्यांच्या प्रत्येक दगडाच्या पोटाला तांदळाएवढा पांढरा ठिपका असे आणि ठिपक्यावर बारीक आकडा. वहीत त्या आकड्यापुढे लिहिलेलं असे, दगडाचं नाव काय, तो कोणत्या खाणीतून आणला आणि कोणत्या तारखेला. हे सगळे तीनशे बारा दगड मंडळाला द्यावेत, असं ते लिहून गेले होते. डॉक्टरबाईंना वाटलं, चला, सहा वर्षांत एक तरी काम सुतासारखं सरळ होणार.

प्लंबरला आणि त्याच्या टेम्पोला घेऊन त्या घड्याळजींच्या घरी गेल्या. घड्याळजींची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, दारातच उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल झालेले.

"या डॉक्टरबाई. सगळे तयार आहेत. तुमच्याकडे द्यायचे म्हणून घासूनपुसून ठेवलेत."

"घासून?" डॉक्टरबाई तशाच आत घुसल्या.

आतल्या खोलीत जुन्या चादरींवर दगड ओळीनं वाळत ठेवले होते. लखलखीत. डॉक्टरबाईंनी एक उचलून उलटा केला. ठिपका नाही. दुसरा उलटा केला, तिसरा केला. प्लंबर तर गुडघ्यांवर बसून पूर्ण ओळच पालथी घालायला लागला.

"वहिनी, खालचे आकडे?"

"ते डाग? ते तर मी काढले. जाता जाईनात मेले. तारेच्या घासणीनं काढले, तीन आठवडे लागले." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "एक मात्र बादलीत विरघळूनच गेला. साखरेचा होता की काय कोण जाणे!"

"मिठाचा होता," प्लंबर हळूच म्हणाला.

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. वहिनींनी दिलेली वही हातात, दगड समोर, आणि कोणता आकडा कोणाचा याचा पत्ताच नाही. तीनशे बारा जन्मदाखले आणि तीनशे अकरा अनोळखी पोरं. ओरडावंसं वाटत होतं, पण दोन महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईवर काय ओरडणार? "छान निघालेत," एवढं म्हणून त्यांनी खोकी भरायला घेतली.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर, मंडळाच्या खोलीत, ते दगड टेबलांवर मांडले. जमले सातजण, पण आवाज सत्तर जणांचा.

"ठिकाण माहीत नसलेला दगड म्हणजे नुसता धोंडा," सर म्हणाले. "शाळेला देऊन टाका."

"तुमच्या घरचेच आहेत जणू!" प्लंबर म्हणाला. "वहीत नावं आहेत ना? दगड ओळखायचे आणि नावाला नाव जुळवायचं. आता हा घ्या, हा स्टिल्बाइट."

"ह्यूलँडाइट आहे तो."

"स्टिल्बाइट!"

"मी अडतीस वर्षं शिकवलंय!"

"म्हणूनच पोरं प्लंबर झाली!"

"आणि समजा ओळखलात," सर त्याच्या अंगावर वाकले, "वहीत नुसत्या गारगोट्याच साठ आहेत. साठही पांढऱ्या. त्या कशा जुळवणार, पत्रिका बघून?"

मुद्दा बरोबर होता, आणि सरांचा मुद्दा बरोबर निघाला की प्लंबरला राग अनावर व्हायचा. खालून ग्रंथपालांनी काठीनं छत ठोकलं. डॉक्टरबाईंनी वही टेबलावर आपटली. "गप्प! एकदम गप्प! दोन मिनिटं कुणी तोंड उघडलं तर भूल न देता दाढ काढीन!"

त्या शांततेत जिन्यावर पावलं वाजली. वहिनी धापा टाकत वर आल्या. पिशवीत नारळाएवढा दगड होता.

"हा राहिला होता. दार अडवायला ठेवला होता तो विसरलेच. तुमचाच ना आता." त्यांनी तो टेबलावर ठेवला, आणि त्यांची नजर सरांसमोरच्या गारगोट्यांवर गेली. एक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हिच्या पायी भाच्याच्या लग्नाला उशीर झाला. मुहूर्त टळला आणि हे खाणीत पालथे पडलेले."

सर हसले. "वहिनी, तशा साठ आहेत इथे."

"असतील. हिला हा कोपऱ्यात टवका आहे. मी रागानं पिशवी आपटली, त्यात उडाला. चार दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

डॉक्टरबाई पुढे आल्या. "भाच्याचं लग्न कधी झालं, वहिनी?"

वहिनींनी तारीख सांगितली. डॉक्टरबाईंनी वहीची पानं उलटली. त्या तारखेला एकच नोंद होती: क्रमांक एकशे चार, गारगोटी, जुनी खाण, एका कोपऱ्यात ताजा टवका.

"तुम्ही प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर असायचात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मग कोण असणार? तीस वर्षं डबा घेऊन खाणीच्या काठावर बसले. टायर फुटला तो दिवस, मला विंचू चावला तो दिवस, सगळे दगड पाठ आहेत. घरी आणले की माझं फडकंसुद्धा लागू द्यायचे नाहीत. एकदा विचारलं नाही, तुला यातला कुठला आवडला म्हणून." त्यांनी गारगोटी खाली ठेवली. "खरं सांगू? स्वच्छतेसाठी नाही घासले मी. रागानं घासले. घासता घासता राग संपला, पण तोवर दगडही संपले होते."

 सहा वर्षं डॉक्टरबाईंनी या बाईला सहलींमध्ये पाहिलं होतं. 'डबा आणलात का' यापलीकडे कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली. "बसा वहिनी. तुम्ही सांगा, मी लिहिते."

पाच रविवार लागले. वहिनी दगड उचलायच्या, दिवस सांगायच्या, डॉक्टरबाई वहीत शोधायच्या, आणि प्लंबर जाडजूड बोटांनी ठिपके द्यायचा. सर उलटतपासणी घ्यायचे. एकदा त्यांनी मुद्दाम आपल्या संग्रहातला दगड मध्ये सरकवून पाहिला. "हा आमचा नव्हे," वहिनी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी असला भिकार उचलला नसता." दोनशे ऐंशी दगड जुळले. उरलेल्यांबद्दल वहिनींनी सरळ हात वर केले: त्या दिवशी झोप लागली असेल.

पण डॉक्टरबाईंचा ताप कमी झाला म्हणावं, तर तसंही नाही. वहिनींनी सदस्यत्वाचा अर्ज भरला, आणि पहिल्याच सहलीत हेल्मेट घालायला साफ नकार दिला.

"अंबाडा मोडतो," त्या म्हणाल्या.

"वहिनी, खाणमालकाची अट आहे. नाहीतर उद्यापासून सगळ्यांना दारं बंद."

"तीस वर्षं बसले इथे, माझ्या डोक्यात खडा पडला नाही."

"तेव्हा तुम्ही काठावर होता. आता आत उतरताय!"

मागे सर आणि प्लंबर एका हातोडीवरून भांडत होते. डॉक्टरबाईंनी आकाशाकडे पाहिलं, मग स्वतःचं हेल्मेट काढून वहिनींच्या अंबाड्यावर नीट बसवलं, पट्टा आवळला, आणि गाडीतून दुसरं आणायला निघाल्या. "हलायचं नाही," त्यांनी बजावलं. परत येऊन पाहतात तो वहिनी केव्हाच खाली उतरलेल्या, आणि हातातला हिरवट खडा उन्हात धरून ओरडत होत्या, "डॉक्टरबाई, हा माझा! मला आवडला!"