पालथ्या गिअरबॉक्सचा बाबा

“कुणी सांगतंय म्हणून गिअरबॉक्स ओळखू नकोस, पोरी. आधी तळ बघ, बोल्ट मोज, मग क्रमांक वाच. आणि सगळं जुळलं तरी एकदा माप लाव.”

वडिलांचं हे बजावणं थोरलीला आठवलं ते भंगाराच्या आवारात, गर्दीच्या रेट्यात. वडिलांमागे त्यांचं पॅकिंगचं दुकान तीच चालवत होती. जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या तळाला बोल्टनं बसणाऱ्या तेलाच्या चेंबरला लागणारं बुचाचं पॅकिंग कापता कापता तिच्या बोटांना प्रत्येक चेंबरची कड पाठ झाली होती.

शेडमध्ये ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स पांढऱ्या चादरी पांघरून ओळीनं निजले होते. डोळ्यांवर पट्टी बांधलेले बाबा चादरींवरून हात फिरवत चालले होते.

“गाडी कोणती, बाळ?” त्यांनी एका टॅक्सीवाल्याला विचारलं. त्यानं सांगितली. बाबा चौथ्या चादरीपाशी थबकले, थरथरले. “हीच! हिचा प्राण तुझ्या गाडीला हाका मारतोय!”

टॅक्सीवाल्यानं जमिनीवर डोकं टेकलं. बाबांची अट एकच: गाडीतली जुनी पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, इथंच सोडायची, घरी न्यायची नाही. का, तर म्हणे तिच्यात पीडा राहते.

“बघितलंस, ताई?” धाकटी कुजबुजली. “आता तरी तोंड वाकडं करू नकोस.”

धाकटीच्या डाव्या पायात लहानपणापासून बळ नव्हतं. क्लच दाबणं तिला जमायचं नाही, म्हणून ही जुनी ऑटोमॅटिक व्हॅन. तिच्यातून ती आजाऱ्यांना इस्पितळात नेई-आणी. आठवडाभर व्हॅन नुसती गुरगुरत होती, धड ओढत नव्हती. व्हॅन बसली की धाकटीही घरी बसणार, आणि तशी दुसरी गाडी मिळणं कठीण. म्हणून तर ती बाबांना व्हॅन कोणती ते सांगून आपला गिअरबॉक्स सोडून जायला निघाली होती.

थोरलीच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. “महाराज, पेट्या सगळ्या पालथ्या का? तळ वर का?”

“चरण वर असावेत, माई. पूजा चरणांची होते.”

“आणि क्रमांकाच्या पट्ट्या कुणी खरवडल्या?”

“नाव-गाव गळून पडलं की मगच आत्मा उरतो.”

गर्दीनं माना डोलावल्या. थोरलीची नजर बाबांच्या हातावर होती. चंदन फासलेलं असलं तरी बोटांच्या पेरांवर पान्हा निसटून झालेले जुने वण दिसत होते. तसे वण तिच्या वडिलांनाही होते.

“मला एक दिवस दे,” ती बहिणीला म्हणाली. “उद्या तुझ्या मनासारखं कर. मी आड येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ती हातगाडीवर चादरीखाली काहीतरी घेऊन आली. “महाराज, आमच्याकडचीही एक पेटी आहे. कुठल्या गाडीची, जिवंत की मेलेली, तेवढं सांगा.”

चार माणसांसमोर नाही कसं म्हणणार? बाबांनी पट्टी घट्ट केली. चादरीवरून बोटं फिरली, कडेकडेनं सरकली, कोपऱ्यावर क्षणभर अडली. ओठ हलत होते. लोकांना वाटलं, जप चाललाय.

“हिच्या बहिणीच्या व्हॅनची!” बाबा गरजले. “आणि जिवंत! आत तेल धडधडतंय, माझ्या तळव्याला लागतंय!”

जयजयकार झाला. तो ओसरेपर्यंत थोरली थांबली, मग तिनं चादर ओढली.

खाली फळांचा लाकडी खोका होता. त्यात गोणपाट कोंबलेलं, आणि वर स्क्रूनं बसवलेलं, दुकानात पडून असलेलं तसल्याच व्हॅनचं रिकामं चेंबर. बस्स.

“अहो, धडधडतंय काय? गोणपाट?” मागून कुणीतरी ओरडलं, आणि शेड हसण्यानं दणाणली.

“अश्रद्धेनं देव रुसतो!” बाबा पट्टी सोडू लागले.

“देवाला मी रोज हात जोडते, महाराज. त्याला यात ओढू नका,” थोरली हळू आवाजात म्हणाली. मग ती लोकांकडे वळली. “प्रत्येक गिअरबॉक्सच्या तळाचा आकार वेगळा, बोल्ट कमी-जास्त. हे जप नव्हते करत, बोल्ट मोजत होते. पेट्या पालथ्या त्यासाठी. पण तळ सारखा असला म्हणजे पेटी बसतेच असं नाही. पुढचं तोंड इंजिनाला जुळावं लागतं, मागच्या दांड्याची लांबी जुळावी लागते. ते क्रमांकावरून कळतं, आणि तो तर खरवडलाय. आतला माल जळका की चांगला, ते कुणाच्याच तळव्याला कळत नाही. यांना हवी असते तुमची जुनी पेटी. थोडक्या दुरुस्तीत चालणारी, मग विकता येणारी.”

धाकटीचा चेहरा उतरला होता. “पण ताई, माझी व्हॅन तर खरंच बिघडलीय. गिअरबॉक्सचं तेल मी रोज बघते, मोजायची पट्टी वरच्या खुणेपर्यंत भिजलेली असते.”

“कधी बघतेस?”

“सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी. इंजिनाचं तेल बघतो तसंच.”

“तिथंच चुकतंय, बाई. गाडी बंद असली की वरचं तेल खाली उतरतं आणि पट्टी खोटं बोलते. व्हॅन आता रखडत का होईना, चालवत आणलीस ना, तेल गरम आहे. तशीच चालू ठेव, गिअर ‘पार्क’वर, उभ्या गाडीचा असू दे, आणि पट्टी काढ.”

पट्टी कोरडी निघाली. थोरली व्हॅनखाली वाकली. चेंबरच्या कडेनं तेल पाझरत होतं, पॅकिंग कुजलं होतं. योग्य ते तेल ओतल्यावर धाकटीनं गिअर टाकला. व्हॅननं एक हिसका दिला आणि ती फाटकापर्यंत सरळ गेली. धाकटी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली, मग हसली.

“आज पॅकिंग बदलते,” थोरली म्हणाली. “त्याशिवाय लांब जायचं नाही.”

तोवर लोक आपापल्या पेट्या परत मागत बाबांभोवती दाटले होते. थोरली एवढंच म्हणाली, “हात जोडताना डोळे मिटा हवं तर, पण गाडीचा माल घेताना उघडे ठेवा. विचारा, मोजा, मग विश्वास ठेवा.”

गर्दीच्या कडेला एक म्हातारा ड्रायव्हर उभा होता. “माझी पेटी तर मी मागच्या महिन्यातच इथं सोडली, बाई. यांनी दिलेली बसत नाही. गाडी दारात उभी आहे.”

“उद्या सकाळी येते, काका. तुमच्या गाडीची मापं घेऊ, मग या शेडमधल्या पेट्यांत तुमची पेटी शोधू.”

सकाळी देवापुढचा दिवा लावून झाल्यावर तिनं पिशवीत टेप, टॉर्च आणि वही घातली. धाकटी अजून झोपली होती. तिला न उठवता थोरलीनं दार हलकेच ओढून घेतलं आणि म्हाताऱ्याच्या गल्लीची वाट धरली.