तेजोगुरूचा फेस

काचेवर पिवळं पाणी पडलं आणि फसफसून पांढरा फेस वर आला, तेव्हा कारखान्याच्या पटांगणात उभ्या असलेल्या दीडेकशे माणसांनी एकदम श्वास रोखला. टेबलावर एक जुनं सोलर पॅनल आडवं ठेवलेलं होतं आणि त्याला एक छोटा पंखा जोडलेला होता. पंखा आतापर्यंत आळसावल्यासारखा फिरत होता. तेजोगुरूंनी फेस फडक्यानं पुसला. मघाशी दुधाळ, मळकट दिसणारी काच खालून काळीभोर निघाली आणि पंखा भिरभिरू लागला. लोकांनी हात जोडले. पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

"बघितलंत? बारा वर्षांचं ग्रहण बाहेर पडलं," तेजोगुरू म्हणाले. "फेसाला मात्र कुणी हात लावायचा नाही. ते ग्रहण अंगात शिरतं."

त्या माणसाच्या तोंडून महिनोन्‌महिने जे काही बाहेर पडलं, त्यात हात न लावण्याचा सल्ला तेवढा खरा होता.

बाकी सगळा नुसता बाजार. अंगात झुळझुळीत पांढरा अंगरखा, डोळ्यांवर काळा चष्मा. सूर्याकडे थेट बघून आलेली आपली नजर सामान्य माणसाला सोसणार नाही म्हणून चष्मा, असं तो सांगायचा. गुडघ्यावर रसायनाचे डाग असलेली पँट अंगरख्याखालून डोकावायची, पण तिकडं बघतो कोण. पॅनलवर ज्या बारीक चंदेरी रेघा असतात, त्यांना तो आयुष्यरेषा म्हणायचा. तळहात बघावा तसं पॅनल हातात धरून, बोट फिरवत भविष्य सांगायचा. काळ्या पॅनलला बारा वर्षं, निळ्याला आठ, तांबूस पातळ पॅनलला चार, हे म्हणे त्यांच्या कपाळी लिहूनच आलेलं असतं. वीज गोळा करून तारेपर्यंत न्यायला लावलेल्या त्या साध्या धातूच्या पट्ट्या. त्यांत याला मृत्युयोग दिसायचा, आणि तो टाळायचा उपायही नेमका याच्याच बाटलीत असायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या पहिल्या दिवशी मी पटांगणाच्या मागच्या भिंतीला टेकून मोठ्यानं हसले आणि घरी निघून आले. आपण काहीतरी मोठं केलं असं तेव्हा मला वाटलं होतं.

आमच्या गावात संगमरवर कापतात. दगड कापताना करवतीवर सारखं पाणी सोडावं लागतं. ते दुधाळ पाणी मोठ्या हौदात साठतं, भुकटी तळाला बसली की वरचं पाणी पुन्हा वापरतात. उरलेलं पाणी नळीनं गल्ल्यांत सोडलेलं आहे. फुकटचं आणि दिसायला नितळ. गावात अंगण, गाड्या आणि छपरावरची पॅनल्स याच पाण्यानं धुतात. दिवसाची लाईन सगळी कारखान्यांना जाते, घरांना ती संध्याकाळीच मिळते. त्यामुळं दिवसभर ज्याचा त्याचा सूर्य ज्याच्या त्याच्या छपरावर. पॅनल धुण्यात हयगय करणारी बाई आमच्याकडं गबाळी समजली जाते.

माझी वहिनी तर यात सगळ्यांच्या पुढं. दर रविवारी शिडी लावून ती वर चढायची आणि चारही पॅनल्स त्या पाण्यानं घासून काढायची. त्याला कारणही तसंच होतं. माझ्या दादानं बावीस वर्षं करवत चालवली आणि त्या धुळीनं त्याची फुफ्फुसं निकामी केली. आता तो खिडकीपाशी खाटेवर असतो, नाकात नळी असते आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं. दिवसा ते मशीन छपरावरच्या पॅनल्सवर चालतं. ते बंद पडलं तर कोपऱ्यातला छोटा सिलेंडर तासभर पुरतो. त्यापुढचं आमच्या घरात कुणी बोलत नाही.

आणि ते मशीन अलीकडं दुपारनंतर धापा टाकायला लागलं होतं. पॅनल्सवर एक पांढुरकी झाक बसली होती. कितीही घासा, जात नव्हती. बारा वर्षं झाली, म्हातारी झाली ती, असं सगळं गाव म्हणायचं. सगळ्या गावाचीच पॅनल्स म्हातारी होत होती. अशा वेळी तेजोगुरू उगवला.

मला न विचारता वहिनीनं त्याला घरी बोलावलं. मी शाळेतून आले तर छपरावरून फेसाचे ओघळ खाली येत होते आणि शेजारपाजारच्या बायका माना वर करून उभ्या होत्या. मी खालूनच बोलायला सुरुवात केली. बाटलीतल्या पाण्यानं पॅनल तरुण होत असेल तर आपणही चार घोट घेऊ, वगैरे. वहिनी खाली उतरली आणि मला दादाच्या खोलीत घेऊन गेली. मशीन एकसुरात, मजेत चालू होतं. दादाच्या ओठांना रंग आला होता.

"वन्सं, चालतंय ना? मग तुमचं विज्ञान ठेवा शाळेत."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी शिडी चढायला हवी होती. मी फक्त चिडले. चिडणं सोपं असतं, त्यात माणसाला आपण हुशार आहोत असं वाटत राहतं.

महिन्याला एक उपचार, असा नेम ठरला. दुसऱ्या खेपेला फेस कमी आला. ग्रहण सुटत चाललंय, तेजोगुरू म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्यानं बाटली अख्खी ओतली. चौथ्या महिन्यात पॅनल्सच्या कडांपासून आत तपकिरी डाग सरकायला लागले आणि मशीन पुन्हा धापा टाकू लागलं. आता पहिल्यापेक्षाही वाईट. एका दुपारी मी शाळेत असताना ते बंदच पडलं. सिलेंडर संपत आला तेव्हा शेजाऱ्यांनी स्वतःच्या छपरावरून वायर टाकून ते कसंबसं सुरू केलं. मी धावत घरी आले तेव्हा दादाची बोटं निळी झाली होती आणि वहिनी ती आपल्या हातांत चोळत होती.

संध्याकाळी तेजोगुरू येऊन गेला. त्यानं आयुष्यरेषा पाहिल्या, मान हलवली आणि निदान केलं. घरात शंकेखोर माणूस आहे, त्याच्या नजरेनं पॅनल्स करपली. एक तर ते माणूस घराबाहेर जाऊ दे, नाहीतर ही पॅनल्स मला घेऊन जाऊ द्या, मी त्यांचं विधिवत विसर्जन करीन आणि तुम्हाला सिद्ध केलेली नवी देईन. पाचव्या उपचाराची बाटली त्यानं वहिनीजवळ ठेवली.

वहिनी माझ्याकडं न बघता बोलली. "थोडे दिवस शाळेतल्या खोलीवर राहाल का?"

बारा वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. माझं डोकं सणकलं होतं, पण मी तिचा चेहरा पाहिला. ती मला हाकलत नव्हती, नवरा वाचवत होती. खाटेवरून दादा म्हणाला, "ती कुठं जाणार नाही." एवढ्या तीन-चार शब्दांनी त्याला अशी ढास लागली की आम्ही दोघीही त्याच्याकडं धावलो. धावताना वहिनीच्या हातातली बाटली निसटली आणि दाराच्या पायरीवर फुटली.

पायरी फसफसली. बोटभर जाड पांढरा फेस तिच्यावर उभा राहिला.

वहिनी पायरीपाशी वाकली. "पायरीलाही ग्रहण लागलं?" तिनं अगदी हळू विचारलं.

दादा हसायला लागला. खोकत, नळी सांभाळत, कितीतरी महिन्यांनी हसला. "अगं, ती पायरी मीच कापून आणलीय. दगड आहे तो. दगडाला कसलं आलंय ग्रहण?"

मी त्या पायरीकडं बघत राहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संगमरवरावर अ‍ॅसिड टाकलं की फेस येतो. हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात करून दाखवते. काचेच्या नळीत खडा टाकायचा, वरून अ‍ॅसिडचे थेंब सोडायचे, जो वायू निघतो त्याचा फेस होतो. दर वर्षी परीक्षेत हा प्रश्न येतो आणि दर वर्षी सगळी मुलं उत्तर बरोबर लिहितात. हे निम्मं गाव माझ्या हाताखालून पास होऊन गेलंय, आणि तेच गाव पटांगणात त्या फेसापुढं हात जोडून उभं होतं. मी भिंतीला टेकून हसत होते.

सुगंध घालून वास लपवला होता तरी खाली वाकल्यावर नाकाला झोंबला. फरशी धुवायचं अ‍ॅसिड, त्यात पिवळा रंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनला बोलावलं. हा माणूस कमी बोलतो आणि कुणालाही खूश करायला जात नाही, म्हणून गावात त्याला 'कडूकाका' म्हणतात. मी, वहिनी आणि कडूकाका तिघंही छपरावर चढलो. बाथरूमवर दिव्यापुरतं लावलेल्या पाचव्या, छोट्या पॅनलला गुरूचा हात लागला नव्हता. त्याच्यावरची पांढरी झाक मी पात्यानं खरवडली, भुकटी बशीत घेतली आणि फुटक्या बाटलीत उरलेले थेंब तिच्यावर सोडले. बशी फसफसली. घरातल्या आरशावर तेच थेंब टाकले, काही झालं नाही.

"हौदाचं पाणी," वहिनी स्वतःशीच म्हणाली. नितळ दिसणाऱ्या त्या पाण्यात दगड विरघळलेला होता. पाणी उन्हात वाळायचं आणि दगड काचेवर राहायचा. बारा वर्षं दर रविवारी ती मोठ्या निष्ठेनं नवऱ्याच्या श्वासावर दगडाचा एकेक थर चढवत होती. हे तिला मी बोलून दाखवलं नाही. तिचं तिलाच कळलं.

कडूकाकानं उपचार झालेल्या पॅनलची चौकट सोडवली. आतलं अ‍ॅल्युमिनियम खाल्लेलं होतं, काचेच्या कडेचं सील लोण्यासारखं मऊ झालं होतं, आत पाणी शिरून पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या.

"पॅनल वयानं मरत नाही, वन्सं," वहिनीचं ऐकून तोही मला वन्सं म्हणतो. "कडेनं पाणी शिरलं की मरतं. पहिल्या खेपेला यानं काच साफ केली, म्हणून ते चाललं. पुढच्या खेपांना दगड उरला नव्हता, मग अ‍ॅसिडनं चौकट खाल्ली. ही चार गेली कामातून."

रविवारी पटांगण पुन्हा भरलं. मी भाषणाची तयारी करून गेले होते, पण वहिनीच पुढं झाली. पदरात झाकून आणलेला संगमरवरी खलबत्ता तिनं तेजोगुरूच्या टेबलावर ठेवला आणि त्याचीच बाटली उचलून त्यात ओतली. खल भरून फेस वर आला.

"यात मी मसाला कुटते," ती म्हणाली. "हा किती वर्षं आजारी होता, ते सांगा."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. तेजोगुरू डगमगला नाही. पाषाणातही सुप्त ग्रहण असतं, अशी त्यानं नवी तान घेतली. तोवर कडूकाकानं शाळेच्या छपरावरचं एक निळं पॅनल आणून टेबलावर ठेवलं. अठरा वर्षांचं. निळ्याला आठ वर्षं, या गुरूच्या हिशेबानं ते दहा वर्षांपूर्वीच मेलेलं होतं. हौदाची नळी शाळेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळं ते जन्मभर फक्त पावसानं धुतलं गेलं होतं. कडूकाकानं मीटर लावून आकडा वाचला, मग पॅनलच्या पाठीवर छापलेला आकडा वाचला. अठरा वर्षांत दहावा हिस्सा कमी झाला होता. वहिनीनं त्याच्यावर पिवळे चार थेंब सोडले. फेस आला नाही. तिनं ते लगेच स्वच्छ पाण्यानं धुऊन टाकलं.

"तीर्थ आहे ना?" तिनं बाटली तेजोगुरूपुढं धरली. "मग तळहातावर घ्या. एवढंच करा, मी तुमच्या पाया पडते."

त्यानं दोन्ही हात अंगरख्यात घेतले. आज व्रत आहे, असं काहीसं पुटपुटला. करवतीवर काम करणारा एक म्हातारा पुढं आला, त्यानं खलातल्या फेसाचा वास घेतला आणि म्हणाला, "अरे, यानं तर आम्ही संडास धुतो." मग मात्र पटांगणाला हसू आवरेना. गुरू त्या हसण्यातूनच वाट काढत आपल्या गाडीकडं गेला. गाडीत गावकऱ्यांची विसर्जनासाठी नेलेली अकरा पॅनल्स निघाली, पुसूनपासून, विकायला तयार. ती लोकांनी उतरवून घेतली. तो निसटला. दुसऱ्या कुठल्या गावात फेस काढत असेल, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात तसूभरही दया नाही.

शाळेनं दोन जुनी पॅनल्स दादासाठी दिली. मशीन आता दिवसभर चालतं. पण त्या दुपारी सिलेंडर संपत आला तेव्हापासून दादाला दारापर्यंत चालत जाता येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात ते आता येणारही नाही. हे त्या बाटलीचं बिल आहे. त्यात माझाही वाटा आहे, कारण मला उत्तर येत होतं आणि मी नुसती चिडून बसले.

म्हणून सांगते. काळं असो की निळं, चांगल्या बांधणीचं पॅनल वर्षाला अर्धा टक्का, फार तर एक टक्का उतरतं, पंचवीस वर्षं सहज काम करतं. तांबूस पातळ थराचं पहिल्या काही महिन्यांत जरा जास्त उतरतं, मग स्थिरावतं. यात नशीब नाही आणि रेषा नाहीत. स्वच्छ पाण्यानं धुवा, कडा आणि जोड तपासा, पाठीवर छापलेल्या आकड्याशी वर्षातून एकदा मीटर ताडून बघा. आणि पुन्हा कुणी तुमच्यापुढं चमत्कार मांडला तर हात जोडू नका, आणि माझ्यासारखं लांबून हसूही नका. जवळ जा, तीच बाटली मागा आणि ती दुसऱ्या कशावर तरी ओतून बघा.