जरा पळून येते

नवव्या किलोमीटरची पाटी मागे टाकून कुमुद पहिल्या मोठ्या चढाला लागते न लागते, तोच तिच्या कमरेच्या पट्ट्यातला फोन वाजला. पळताना फोन घ्यायचाच नाही, असं तिनं ठरवलेलं होतं. पण तेहेतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला तिनं कधी दुसरी हाक मारू दिली नव्हती, तिथं वाजता फोन ती काय टाळणार? ती पळायची थांबून चालू लागली आणि फोन कानाला लावला.

“अगं, निळ्या बॅगेची किल्ली कुठंय?” उल्हासनं विचारलं.

कुमुदनं पट्टा चाचपला. मीठ-साखरेच्या पुडीला खेटून किल्ली तिथंच होती. पहाटे साडेपाचला खोलीबाहेर पडताना तिनं बॅग बंद केली होती, कुलूप लावलं होतं, ओढून पाहिलं होतं आणि किल्ली जवळ ठेवली होती. डोकं शर्यतीत होतं. हातांनी आपलं रोजचं काम करून टाकलं होतं. आणि बॅगेत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

“माझ्याजवळ आहे,” ती म्हणाली.

पलीकडे उल्हासच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आईची गोळी आठची. आत्ता साडेसात होत आलेत. दहाला हॉटेलच्या खोल्या सोडायच्या आहेत, अलकाची संध्याकाळची नागपूरची गाडी आहे, आणि तू तिकडे डोंगरात. जरा पळून येते म्हणालीस, मला वाटलं अर्ध्या तासात येशील.

आता यात उल्हासचं चुकलं असं म्हणता येत नाही. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघावं तशा आवाजात ती ‘जरा पळून येते’ म्हणाली होती. एकवीस किलोमीटर, तेही अरवलीच्या टेकड्यांमधून, हे तिनं घरात सांगितलंच नव्हतं. नणंद अलका दिल्लीला आली म्हणून शनिवार-रविवार कुठंतरी जाऊ या असं निघालं, तेव्हा हरियाणातल्या सोहन्याजवळचं हे हॉटेल कुमुदनंच सुचवलं. शांत आहे, तळं आहे, आईंना जिने चढावे लागणार नाहीत, अशी सगळी कारणं तिनं दिली. खरं कारण एकच होतं. रविवारी सकाळी सहाला हॉटेलच्या फाटकासमोरून हाफ मॅरेथॉन सुटणार होती आणि तिचं नाव दोन महिन्यांपूर्वीच नोंदवलेलं होतं. लबाडी म्हणा हवं तर. आयुष्यात तिनं केलेली ही बहुधा पहिलीच लबाडी.

नाव नोंदवलं होतं मुनिरक्यात राहणाऱ्या तीन मुलींनी. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरनं साखर वाढलीय, चाला म्हणून सांगितलं, तेव्हा कुमुद आर. के. पुरमच्या क्वार्टरसमोरच्या बागेत चालू लागली. त्या मुली तिथं पळायच्या. एके दिवशी कुमुदही त्यांच्यामागे दोन फेऱ्या पळाली, दम लागून बाकावर बसली आणि आपण हसतोय हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. त्याला चार वर्षं झाली. आता ती सत्तावन्नची होती.

“मागून जीप येते म्हणे थकलेल्यांना घ्यायला, हॉटेलवाला सांगत होता. तिच्यात बस आणि ये बरं,” उल्हास म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता. “पुढच्या वर्षी पळ की. कोण नको म्हणतंय?”

खरंच, नको असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाचं घर म्हणजे अर्धी धर्मशाळा. सुट्ट्या लागल्या की नागपूर, पुणे, सांगली, कुठून कुठून पाहुणे यायचे आणि त्यांना घेऊन हरिद्वार, मसुरी, वैष्णोदेवी सगळं व्हायचं. या सगळ्या ठिकाणी कुमुद गेली होती. पायथ्यापर्यंत. हरिद्वारला वरच्या देवीला सगळे गेले तेव्हा ती खाली चपलांपाशी बसली. वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्याला, सासूबाईंचे गुडघे धरले म्हणून दोन दिवस त्यांच्या उशाशी बसली. मसुरीला सामान होतं. कुणीतरी बसायला हवंच, आणि कुमुद काही बोलत नाही. एकदा हरिद्वारच्या धर्मशाळेत बॅग उचकटून कुणी अलकाच्या बांगड्या नेल्या, तेव्हापासून तर कुलपं-किल्ल्याही तिच्याकडे आल्या. तू पुढच्या वर्षी जा हं, असं प्रत्येक वेळी कुणी ना कुणी म्हणायचं, आणि मनापासून म्हणायचं.

तिनं चढाकडे पाहिलं. रस्ता कीकरांच्या काटेरी झाडीतून वळत वळत वर जात होता. पुढचे पळणारे दिसेनासे झाले होते. मागं जीप दिसत होती. हात केला की पंधरा मिनिटांत हॉटेल, गोळी, नाश्ता, आणि कुणाचा कुणावर राग नाही. तिला रडू आलं. रडू येतंय याचा तिला भयंकर रागही आला.

“अहो, कुलूप तोडा,” ती म्हणाली.

“काय?”

“दगडानं तोडा. उजव्या कप्प्यात स्टीलचा डबा आहे, त्यात पांढरी गोळी. आईंना आधी काहीतरी खाऊ घाला, रिकाम्या पोटी देऊ नका.”

“नवीकोरी बॅग आहे, कुमुद.”

“असू दे. मी येणार नाहीये.”

आणि तिनं फोन बंद केला. नुसता ठेवला नाही, पार बंद केला. सासूबाई ब्याऐंशीच्या. काही झालं तर जन्मभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण गोळी नऊपर्यंत चालते हे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं होतं, आणि एक कुलूप तोडता न येण्याइतका उल्हास काही दुबळा नव्हता. असं स्वतःला बजावत ती चढ चढली. पळत नाही, चालतच, पण थांबली नाही. माथ्यावर पोचली तेव्हा धुकं निवळत होतं. दूर गुरुग्रामच्या इमारती काड्या रोवल्यासारख्या दिसत होत्या. बघत उभं राहायला वेळ नव्हता. तिनं मीठ-साखर तोंडात टाकली आणि उतार धरला.

उताराला पळणं सोपं असतं असं न पळणाऱ्यांना वाटतं. तेराव्या किलोमीटरला तिचे गुडघे बोलू लागले, पंधराव्याला डाव्या पायाचा अंगठा. एका गावाच्या कडेला चाऱ्याचे भारे घेऊन बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, “इस उमर में किससे भाग रही है, बहन?” कुमुदनं नुसता हात हलवला, तर त्या सगळ्या हसल्या आणि एकीनं डोक्यावरचा भारा सांभाळत चार पावलं तिच्याबरोबर टाकली.

सतराव्या किलोमीटरला दुसरा चढ आला आणि तिथं तिच्या पोटरीत गोळा चढला. असा की ती रस्त्याच्या कडेला बसलीच. पाय चोळला, बोटं ओढली, उठली, पुन्हा बसली. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेतीन तासांची मुदत, म्हणजे साडेनऊ. चार किलोमीटर बाकी. हिशेब कळायला पळणारीच असायला हवं असं नाही.

जीप येऊन शेजारी थांबली. ड्रायव्हर वयानं बराच मोठा, हरियाणवी, मफलर बांधलेला. त्यानं दार उघडलं आणि समजावलं, मॅडम, टाइम तो अब हो जाएगा, मेडल भी नहीं मिलेगा, नाम भी नहीं आएगा, बेकार में पैर क्यों तोड़ना. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती.

कुमुदनं आपली सगळी नोकरी दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या टपाल विभागात काढली होती. ज्या कागदाची नोंद नाही तो कागद आलाच नाही, असं ती स्वतःच लोकांना सांगत आली होती. ती झाडाला धरून उठली.

“भैया, मेरा नाम काट दो,” ती म्हणाली. “मैं आती हूँ.”

त्यानं दार लावलं. पण जीप पुढे नेली नाही. उरलेला सगळा रस्ता ती तिच्या मागं, बैलगाडीच्या वेगानं, येत राहिली.

कुमुद शेवटच्या वळणावर आली तेव्हा दहा वाजून गेले होते. शर्यतीची कापडी कमान उतरवून दोघं माणसं तिची घडी घालत होती. सतरंज्या, पाण्याची पिंपं टेंपोत चढत होती. रस्त्यावर चुन्याची एक रेघ तेवढी उरली होती. कुमुद ती रेघ पळत ओलांडून गेली. घडी घालणाऱ्यांतल्या एकानं मान वर केली आणि पुन्हा कामाला लागला.

हॉटेलच्या फाटकापाशी त्यांची गाडी उभी होती. खोल्या सोडून सगळे बाहेर आले होते. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, हातात अर्धं केळं. अलका गाडीला टेकून फोन बघत होती. उल्हास सामानात उभा होता. चपला, थर्मास, पिशव्या आणि त्याच्या पायाशी ती निळी बॅग, कुलपासकट चेन उचकटलेली आणि हॉटेलातल्या सुतळीनं आवळून बांधलेली. त्याच्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला होता.

“घेतली गं मी गोळी,” कुमुदनं तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या. “साडेआठला. पोहे खाऊन.”

उल्हासनं कुमुदकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मातीनं भरलेले बूट, घामानं चिकटलेला कुडता, छातीवरचा चुरगळलेला नंबर.

“झालं समाधान?” त्यानं विचारलं.

ज्या सुरात हे विचारतात त्याच सुरात विचारलं होतं. अशा प्रश्नाला घरात आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं, द्यायचंही नसतं.

“हो,” कुमुद म्हणाली. “झालं.”

त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरनं डिकी उघडली. कुमुद लंगडत पुढे आली, वाकली आणि निळ्या बॅगेला हात घातला.

“राहू दे,” उल्हास म्हणाला. रागानं की कशानं, ते त्याच्या आवाजावरून कळलं नाही. त्यानं बॅग तिच्या हातातून काढून घेतली. सुतळी सैल झाली होती म्हणून दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि सावकाश, काही सांडणार नाही अशा बेतानं पावलं टाकत तो डिकीकडे गेला. मग थर्माससाठी परत आला, मग चपलांसाठी.

कुमुद रस्त्यात उभी राहून ते पाहत होती. हातांचं काय करावं, ते तिला कळेना.