दबलेली नस

सुईचं टोक गाईच्या मागच्या डाव्या पायात, खुराच्या जरा वर, पुढच्या अंगाला शिरलं आणि जिजा त्या पायाकडे पाहत राहिली. आता कातडी थरथरेल, आता पाय झटकला जाईल… काहीच झालं नाही. डॉक्टरांनी सुई थोडी वर टोचली. गाय शिंगं टेकून तशीच पडून होती. मग त्यांनी पायाच्या मागच्या अंगाला टोचली तेव्हा कुठे कातडी हलली, जराशी, अंगावर माशी बसावी तशी.

"पुढून जाणीव नाही, मागून आहे," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले आणि जांघेत हात घालून बराच वेळ काहीतरी चाचपत राहिले. "शीर उडते आहे. पाय गरम आहे. रक्त चालू आहे, बंडूजी. गेली आहे ती नस."

जिजा गुरांच्या कोठ्याच्या लाकडी मेढीला टेकून उभी होती. उजव्या पायावर. डावा पाय नुसता जमिनीला लावलेला, नेहमीसारखा. कोठ्यात सकाळचं ऊन आलं होतं आणि कोपऱ्यात ते वासरू, तांबूस, हाडापेरानं मोठं, जर्सीचं बीज, ओल्या अंगानं उभं राहायला धडपडत होतं. त्याचं सगळ्यांना कौतुक. गाय मात्र गवळाऊ जातीची, बारीक हाडाची, पहिलंच वेत. पहाटे तिच्या नवऱ्यानं, बंडूनं, आणि शेजारच्या नत्थूनं वासराच्या पायांना दोर बांधून, गाईच्या पुठ्ठ्याला पाय लावून ओढलं होतं. "जोर लाव, जोर लाव" असं ओरडत… जिजानं तेव्हा तोंड फिरवलं होतं. वासरू आलं, गाय उठली नाही. नत्थूनं शेपूट पिरगाळलं, मग काठी घेतली. आणि सासू, आनंदाबाई, ओसरीवरून म्हणाली होती, "सोंग करून राह्यली ते. डाग द्या, मंग पाहा कशी उठते."

सोंग.

तो शब्द ऐकून जिजाला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. या घरात तो शब्द पाण्याच्या तांब्यासारखा होता, कुणीही उचलावा. बंडूनंच काठी हिसकून घेतली आणि लुना काढून सेलूला डॉक्टरांना आणायला गेला. हे मात्र तिला लागलं होतं. गाईसाठी तो लगेच लुनावर बसला होता, आणि आपल्याला काय लागलं हे कळायच्या आत लुना फाट्याकडे वळली होती.

"वासरू मोठं, वाट अरुंद," डॉक्टर सांगत होते. ते उकिडवे बसले होते आणि बंडू त्यांच्यासमोर तसाच, शाळेतल्या पोरासारखा. "ओढताना कमरेच्या हाडाच्या आतली नस दबली. दोन पाय जवळ धरून ठेवायचं काम तिचं. म्हणून हिचे पाय फाकताहेत. आणि ही दुसरी जाड नस मागून मांडीत उतरते, गुडघ्यापाशी तिचे फाटे होतात. एक फाटा इथून," त्यांनी गाईच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला दोन बोटं ठेवली, "हाडावरून, अगदी कातडीखालून जातो. खूर वर उचलतो तो हा. हा दबला की खूर मुडपतो, पाय घासत जातो."

जिजाचा हात लुगड्यावरून स्वतःच्या गुडघ्याखाली गेला. बाहेरच्या बाजूला. तिथे एक हाडाचा उंचवटा होता. त्याच्याखालून… इथूनच, इथूनच तर धरलं होतं त्या दोघींनी! माहेरी आई नव्हती म्हणून पोरीच्या, रक्षाच्या वेळी बाळंतपण इथेच झालं. आनंदाबाई एका बाजूला आणि सुईण दुसऱ्या बाजूला, तिचे गुडघे छातीशी दाबून, बोटं रुतवून, सगळी रात्र आणि वर सकाळ. "जोर लाव." रक्षा आली, पोरगी आली म्हणून तोंडं उतरली, आणि जिजा न्हाणीकडे जायला उठली तर डावा पंजा वर येईना. थप् करून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा थप्. ती घाबरून म्हणाली, "आत्याबाई, पाय मेला माया." आनंदाबाई म्हणाली, "साऱ्या जगाच्या बाया बाळंत होतात."

आणि मग वर्षं. कापूस वेचताना शेताच्या धुऱ्यावर अडखळणं, चपलेला मागून चिंधीचा पट्टा बांधणं, केळझरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर तो पट्टा तुटला तेव्हा चप्पल खाली राहिली आणि ती वर — आणि बंडू दातओठ खाऊन, हळूच, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून: "नीट चालत जाय ना. लोक पाहून राह्यले." सगळ्यांत वाईट हे की तिलाही पटत चाललं होतं. तिला वाटायचं, आपलंच मन कुठेतरी आळशी आहे. मनात आणलं तर पाय उचलता येईल. एकदा कुणी नसताना तिनं विळ्याच्या मुठीनं त्या पंजाला हाणलं होतं. ऊठ. ऊठ ना, सोंगाड्या.

"म्हणजे साहेब," बंडू गाईजवळ सरकला, "ते सोंग नाई करून राह्यली?"

"मुकं जनावर कशाला सोंग करेल? तिला मारू नका. तिच्या हातात नाही ते."

बंडूनं गाईच्या मानेवरून हात फिरवला. पुन्हा पुन्हा. "माय," तो म्हणाला, "माय वं माये."

जिजा ते पाहत होती. एवढंच होतं? सेलूहून एक माणूस येतो, दोन बोटं ठेवतो, चार वाक्यं बोलतो, आणि सगळ्यांना पटतं? मले काऊन नाई कोणी चार वाक्यं…

"डॉक्टर साहेब," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी, मोठा. "माणसाले होते का हे?"

डॉक्टरांनी मान वर केली. मग त्यांची नजर खाली, तिच्या चपलेच्या पट्ट्यावर आली. "पंजा वर करा."

तिनं केला. म्हणजे केला नाही. गुडघा वर आला आणि पंजा लोंबत राहिला, सगळ्यांसमोर, उन्हात.

"कधीपासून?"

"पोरगी झाली तवापासून. नववं लागलं तिले."

"मी जनावरांचा डॉक्टर आहे, बाई. पण नस तीच, जागाही तीच. तेव्हाच दाखवलं असतं तर…" पुढचं त्यांनी बॅगेत सुई ठेवता ठेवता गिळलं. "सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून या एकदा. निदान पायाला आधार देतील." मग ते गाईकडे वळले. फरशीवरून मातीवर घ्या, खाली कुटाराचा भुसा अंथरा, मऊ कापडानं मागचे पाय एकमेकांना बांधा, थोडं अंतर ठेवून, म्हणजे फाकणार नाहीत. कूस बदलत राहा, नाहीतर खालचा पाय अंगाच्या भारानंच मरेल. उठेल? उठेलही. सांगता येत नाही.

दिवसभर बंडू तेच करत राहिला. कुटार अंथरलं, नत्थूला हाक मारून कूस बदलली, तेल कोमट करून गाईचे पाय चोळले. आनंदाबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली आणि जिजाकडे न पाहता आत गेली. जिजानं भाकरी थापल्या. प्रत्येक भाकरीला हात असा आपटत होता की परात सरकत होती. तेल कोमट करून! सेवाग्राम कुठे परदेशात आहे? लुना तर तेव्हाही होती.

ऊन कलल्यावर ती कोठ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसली. डावा पाय तिनं समोर पसरला होता; इतर वेळी लुगड्याखाली दडवायची. बंडू हात पुसत जवळ आला आणि तिच्यासमोर बसला.

"तवाच काऊन नाई सांगतलं मले?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. ती रोज सांगत होती — सांगत होती, रडत होती, पडत होती — आणि त्यातलं काहीच याच्या कानात राहिलं नव्हतं. हे त्या नसेहून भयंकर होतं.

"सांगतलं होतं," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. मग त्याचा तेलकट हात, अजून कोमट, तिच्या गुडघ्याकडे आला. डॉक्टरांनी दाखवलेल्या त्या जागेकडे. चुकतमाकत. जिजानं पाय आखडून घेतला.

हात हवेतच राहिला. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं, वाटलं नाही. आजवर तिचा सगळा राग त्या पायावर होता, आणि तो पाय बिचारा मुकाट्यानं मार खात आला होता. आता तो राग तिथून उठला होता आणि उभा होता, धडधाकट, आणि कुणाकुणाकडे जायचं हे अजून ठरवत होता. उद्या काय होईल, ती सेवाग्रामला जाईल का, याच्यासोबत जाईल का — तिला ठाऊक नव्हतं. पण एवढ्यात कुणी तो राग चोळून घालवायचा नव्हता. तो तिचा होता.

तिनं पाय लुगड्याखाली घेतला नाही. तो तसाच, आखडलेला, स्वतःच्या हातात धरून ती बसून राहिली.