अकरा चमच्यांचा खळगा

मी एक चमचा बोलतोय. दांडा वाकलेला, कडेला दुधाच्या दातांच्या दोन खुणा. त्या या घरातल्या लेकाच्या. त्याला पहिला घास मी भरवला, म्हणून आईच्या खालोखाल त्याच्यावर हक्क माझाच, असं मी धरून चाललो होतो.

त्याच्या छातीच्या मधोमध खळगा होता. जन्मापासूनचा, वाढीबरोबर खोल होत गेलेला. आई स्वतःलाच बोल लावायची. काय खाल्लं मी, कसं झोपवलं याला? डॉक्टरीणबाईंनी हृदय, फुप्फुसं तपासली आणि म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही हो. बरगड्यांची कूर्चा वेडीवाकडी वाढते, मग मधलं हाड आत जातं. नऊ वर्षांचा आहे, छाती लवचीक आहे. ऑपरेशनआधी हिला संधी देऊ."

ही म्हणजे सिलिकॉनची वाटी, शेपटाला रबरी फुगा. छातीवर ठेवायची, फुगा दाबून आतली हवा काढायची, की हाड वर उचललं जातं. आधी दिवसातून दोनदा अर्धा तास, मग हळूहळू जास्त. जोडीला श्वासाचे व्यायाम. कौतुक सगळं तिचं!

माझ्या वाट्याला मोजमाप आलं. लेकानं उताणं झोपायचं, खळग्यात किती चमचे पाणी मावतं ते आईनं पाहायचं. पहिल्या दिवशी अकरा.

महिन्यातून एकदा मोजा म्हटलं होतं. आई रोज मोजायची. तीन आठवडे झाले तरी अकराच. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या. आणि एके दिवशी दहा!

"आई, तू चमचा शिगोशीग भरतेस."

"छे रे! हात थरथरतो माझा."

"काल सपाट होता. आज टेकडी आहे."

आई पाणी पुसत राहिली. "अकराच राहिले तर ऑपरेशन करावं लागेल रे. भीती वाटते मला."

"मग तू भी. मी वाटी लावतो. पण रोज मोजू नकोस, गुदगुल्या होतात."

आई रडता रडता हसली आणि तिनं मला महिनाभरासाठी खणात टाकलं.

तिथून मला फुग्याची फसफस ऐकू यायची, पाठोपाठ त्याचं हसणं. वाटी काढली की छातीवर लाल वर्तुळ उमटतं म्हणे. मी इतकी वर्षं त्याच्या तोंडात गेलो, माझी खूण कुठे उमटली? स्टील गंजत नाही म्हणतात. मला विचारा.

वर्षानं सात झाले. काल पाच, तेही सपाट भरून. लेक परवा शर्ट काढून पोहायला गेला. अजून वर्षभर तरी वाटी लावायची आहे.

लावा, खुशाल लावा. माझं एवढंच मागणं आहे, मला खणातून हरवू नका. एक दिवस पहिल्याच चमच्याचं पाणी त्याच्या छातीवरून ओघळून चादरीवर जाईल. हाड उचललं तिनं असेल, पण आईचा त्यावर विश्वास बसेल तो माझ्यामुळे.