गोपीनाथाचा तर्क आणि देवीचा कोंबडा

ठाण्याच्या कचेरीत एका वकिलाच्या तोंडून गोपीनाथने तर्काचा नियम ऐकला: जिथे धूर, तिथे विस्तव. तेव्हापासून कोपरच्या मिठागराच्या या मुकादमाला कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही. विचारतात ते अडाणी. शहाणे अनुमान काढतात.

शुक्रवारी त्याच्या अंगणातला, गावदेवीला नवसाचा ठेवलेला कोंबडा नाहीसा झाला. शनिवारी सकाळी त्याने मिठागराच्या बांधावर सगळ्या मजुरांना जमवलं आणि उर्सुलाला पुढे बोलावलं. तिची चूल आगरातल्या मजुरीवरच पेटायची.

“काल तुझ्या घरातून धूर निघत होता. धूर तिथे चूल, चूल तिथे कोंबडा. आजपासून आगरात पाय ठेवायचा नाही!”

“अवो मुकादम, चुलीवर भात पन शिजतो,” उर्सुला म्हणाली. “आन् आमचा किरिस्तावांचा चाळीस दिसांचा उपास चाललाय. उपासाच्या शुक्रवारी आमी कोंबडी-मटनाला शिवत नाय. काल शुक्रवार व्हता. मंग कोंबडा मी कसा खाईन?”

बांधावर खसखस पिकली. गोपीनाथच्या कपाळाला आठी पडली. शास्त्र शिकून आलो आपण, आणि चालवते ही!

“उपास सगळेच पाळतात कशावरून?”

“बरं. मंग चूल तिथं कोंबडा असतोच, ह्ये तरी कशावरून?”

“ते काही नाही!” गोपीनाथ गरजला. “कोंबडा ज्याच्या पोटात, तो चोर. चोराला आगर बंद. हा नियम तरी मान्य?”

नियम सगळ्यांना मान्य झाला. तेवढ्यात त्याची भाकरी घेऊन आलेली बायको, कमळाबाई, पुढे सरकली.

“मंग काल रातच्याला दोनदा रस्सा कोनी मागून घेतला?”

“तो… तो कसला होता?”

“कसला म्हंजे? मुंगसानं कोंबड्याचा पाय तोडला. लंगडा कोंबडा देवीला चालतो का? म्हून कापला. तुमाला सांगाया आले, तर तुमी मला धूर नि विस्तव शिकवत बसले!”

गोपीनाथने खूप शोधलं, पण या वेळी नियमात कुठे फट सापडेना. नियम त्याचा, पोटही त्याचंच. उरलेलं अनुमान बांधावरच्या प्रत्येकाने आपापलं काढलं, तेही कोणी न शिकवता.

“उर्सुला, उतर आगरात,” तो पुटपुटला.

ती फावडं घेऊन खाली उतरली. तिच्यामागे सगळे उतरले. मुकादम मात्र भाकरीचं फडकं हातात धरून बांधावरच उभा राहिला. तर्काप्रमाणे त्याला खाली उतरायची सोय नव्हती.