कल्याणरावाच्या खुनाची पेशी

दिंद्रुडच्या कल्याणराव दुकानदाराला आपला खून झाल्याचं नेकनूरच्या बाजारात कळलं.

थोरल्या भावाशी, शिवलिंगप्पाशी, भांडून तो बार्शीला मामाकडे जाऊन राहिला होता. किराणा दुकानात तंबाखू ठेवावी की नाही, एवढ्यावरून ते भांडण झालं होतं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, दिंद्रुड निजामाच्या. मोगलाईतली बातमी तिकडे सहसा पोचत नसे, आणि रुसलेल्या कल्याणरावानं घरी निरोपही धाडला नव्हता. शेवटी मामी ताटात भाकरी आपटायला लागली तसा तो परत निघाला. नेकनूरला बीडकडे जाणारी एक बैलगाडी दिसली म्हणून त्यानं हात केला.

"बसा," गाडीवान रामकिसन म्हणाला, "पर बिगीबिगी बसा. बीडच्या अदालतीत खुनाची पेशी हाय. उशीर झाला की जागा मिळत न्हाई."

"खून? कुनाचा?"

"दिंद्रुडला कुनी कल्याणराव व्हता. भावानं मारून हिरीत टाकला. काठावर पागोटं घावलं."

कल्याणरावाला एकदम आठवलं. भांडून निघताना त्यानं विहिरीवर पाणी पिण्यासाठी पागोटं काढून ठेवलं होतं, आणि रागाच्या भरात तसाच बोडका चालू लागला होता.

"अन् मुडदा?" त्यानं विचारलं.

"मुडदा कुठं घावला? म्हनून तर रंगत हाय."

'अरे, तो कल्याणराव मीच' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण त्याआधी सहज म्हणून तो विचारून बसला, "मानूस कसा व्हता?"

"देवमानूस!" रामकिसन म्हणाला. "गवाह सांगतात अन् बाया डोळे पुसतात."

आजवर कल्याणरावाला कुणी हेकट म्हणालं होतं, कुणी चिकट म्हणालं होतं. देवमाणूस कुणी म्हणालं नव्हतं. त्यानं तोंड मिटलं, उपरण्याचा फेटा डोक्याला गुंडाळून त्याचं टोक तोंडावर घेतलं आणि तो गाडीत बसला. निकालाच्या आत उभं राहून सांगायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. तोवर थोडं ऐकायला काय हरकत होती?

अदालतीत पाय ठेवायला जागा नव्हती. गेवराईपासून मोमिनाबादेपर्यंतची माणसं दशम्या बांधून आली होती. दाराशी फुटाणेवाला बसला होता. न्यायाला बसलेले नाजिमसाहेब हैदराबादचे, वयस्कर, शांत. त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. सवाल ऐन टोकाला आला, गवाह आता नाव घेणार असं वाटलं, की साहेब घड्याळ बघून उठत. लोक कळवळून 'अर्रर्र' करत, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी होई.

शिवलिंगप्पाचे वकील होते राधाकिशन. खटला कसलाही असो, शेवटच्या दिवशी ते काहीतरी उलटंपालटं करून दाखवणारच, अशी त्यांची ख्याती होती. एकदा त्यांनी चोरीचा खटला फिर्यादीच्या सासूवर नेऊन टाकला होता. त्यामुळे आधीच्या गवाह्या चालू असताना लोक जांभया देत आणि एकमेकांना म्हणत, "ह्ये खरं न्हाई. खरं शेवटी येतंय."

कल्याणराव एका खांबाआड बसला. समोर पायांत बेड्या घातलेला शिवलिंगप्पा उभा होता. दादाचे गाल आत गेले होते. कल्याणरावानं खांबाला धरून पाय सावरले. तो उठणार, तेवढ्यात चपराशानं हाक दिली, "नीलम्मा, दिंद्रुड!"

त्याची बायको पुढे आली. सरकारी वकिलानं विचारलं, "तुझा नवरा कसा होता?"

नीलम्मा बराच वेळ गर्दीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरा व्हता."

अदालतीचं कामकाज उर्दूत चाले. पेशकार तिचं बोलणं साहेबांना उर्दूत सांगत होता. त्यानं घसा खाकरला. "हुजूर, मरहूम निहायत शरीफ, रहमदिल और खुशमिजाज इन्सान थे."

दुकानापुरती उर्दू कल्याणरावाला येत होती. त्याचे डोळे भरून आले. तो उठला नाही. पुढे मल्लम्मा वहिनी, शेजारची भिवराबाई, सगळ्यांचं 'बरा व्हता' पेशकाराच्या तोंडून असंच फुलून आलं. संध्याकाळी तो बीडमध्येच धर्मशाळेत राहिला. उद्या बोलू, असं त्यानं ठरवलं. उद्या शेवटचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी राधाकिशन उठले तशी अदालत चिडीचूप झाली.

"हुजूर," ते म्हणाले, "माझा एकच गवाह राहिला आहे." आणि त्यांनी चपराशाला खूण केली.

चपराशी ओरडला, "कल्याणराव, दिंद्रुड!"

"हाजिर!" दारातून आवाज आला.

"हाजिर!" खांबाआडून कल्याणराव उठून उभा राहिला. आपलं नाव ऐकून तो सवयीनं उठला होता. एवढा वेळ मनाशी घोकलेलं धैर्य वगैरे त्यात काही नव्हतं.

दारातून त्याच्याच उंचीचा, त्याच्यासारख्याच मिशांचा एक माणूस आत आला. कपाळावर विभूतीचे रेखीव पट्टे, डोक्याला कोरं पागोटं. तो तलवाड्याच्या तमाशातला सोंगाड्या म्हाळू होता. राधाकिशननी त्याला कल्याणराव म्हणून पढवून आणलं होतं. खरा कल्याणराव मेला असं वकीलसाहेब धरूनच चालले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

सरकारी वकील उसळून उठला. "हुजूर, मेलेला माणूस परत येणं ही यांची जुनी चाल आहे! आज तर दोन आणलेत!"

नाजिमसाहेबांनी एकाकडं पाहिलं, दुसऱ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि ते जेवायला उठले.

"अर्रर्र!" सगळी अदालत कळवळली. जागेवरून मात्र कुणी हललं नाही.

कल्याणरावानं राधाकिशनना ओसरीत गाठलं. "वकीलसाहेब, मी खरा हाय!"

"असशील," राधाकिशन दात आवळून म्हणाले. "पण खऱ्यानं आधी यायचं असतं. माझा गवाह तयार आहे. तू आता सगळा विचका करू नकोस."

जेवणानंतर नाजिमसाहेबांनी स्वतः सवाल केले.

"लग्नात बायकोचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं?"

"अंजिरी, हुजूर," म्हाळू म्हणाला. "पदराला मोर. उजवीकडच्या मोराची चोच विणताना राहिली व्हती." हे सगळं त्याला मल्लम्मानं शिकवलं होतं.

"हिरवं," कल्याणराव म्हणाला. "का निळं... लुगडं व्हतं, साहेब, एवढं पक्कं."

"तिला खायला काय आवडतं?"

"शेंगांची पोळी, वर तूप," म्हाळूनं सांगितलं.

कल्याणराव आठवत राहिला. नीलम्मा जेवताना त्यानं कधी पाहिलीच नव्हती. तो जेवून उठल्यावर ती बसायची.

"आमच्या घरी सगळेच भाकर खातात," तो शेवटी म्हणाला.

गर्दीतल्या बायकांनी नाकं मुरडली. नाजिमसाहेबांनी दिंद्रुडच्या मंडळींना विचारलं, तुमचा कल्याणराव कोणता? मंडळी कुजबुजली. मग एक म्हातारा उठून हात जोडून म्हणाला, "साहेब, ह्यो नवा बरा वाटतो."

"दादा, तुमी तरी सांगा!" कल्याणराव भावाकडं वळून ओरडला.

शिवलिंगप्पा त्याच्याकडं बघत होता. तो बोलायला पुढं सरकला, बेड्या खळखळल्या. पण साहेबांनी हात वर केला. मुलजिमानं, म्हणजे आरोपीनं, बोलायचं नाही. बायकोलाच विचारू.

नीलम्मा दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं म्हाळूचं कोरं पागोटं पाहिलं. नवऱ्याच्या धुळीनं माखलेल्या पायांकडं पाहिलं. मग बोट दाखवलं.

"ह्यो," ती म्हणाली. म्हाळूकडं.

पेशकाराला भाषांतर करावं लागलं नाही. कल्याणराव जिवंत आहे, सबब खून नाही, सबब शिवलिंगप्पा सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाळूनं सवयीनं चारी दिशांना मुजरा केला. राधाकिशनना लोकांनी खांद्यावर घेतलं. आणि कल्याणराव असल्याचं खोटं सांगितलं म्हणून कल्याणरावाला आठ दिवसांची कैद झाली. नाव काय, असं कारकुनानं विचारलं. तेव्हा म्हाळूच कल्याणरावाच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "माझं सांगा. मोकळंच हाय."

कोठडीत नीलम्मा भाकरी घेऊन आली. गजांतून तिनं फडकं आत सरकवलं.

"कावून केलंस असं?" कल्याणरावानं विचारलं. "वळखलं न्हाईस मला?"

"पहिल्याच दिशी वळखलं," ती म्हणाली. "खांबाच्या मागं. उपरण्यातनं डोळेच दिसत व्हते, पर माज्याच मानसाचे की त्ये. म्हनलं, आता उटतील. आता उटतील. थोरल्या भावजीच्या पायांत बेड्या, अन् तुमी आपलं कवतिक ऐकत बसलेले."

कल्याणरावानं फडक्याची गाठ सोडली. मग हळूच म्हणाला, "उद्या उठनार व्हतो."

"साहेबाला तुमी खरे वाटला नसता तर?" ती म्हणाली. "म्हाळूला समदं पाट व्हतं. भावजी सुटायचे व्हते मला. म्हनून केलं. अन् थोडं रागानं बी केलं, खोटं कशाला बोलू?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. तोंडात घालण्याआधी तिला विचारलं, "तू जेवलीस?"

नीलम्मानं चमकून वर पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. त्यानं अर्धी भाकरी गजांतून तिच्याकडं दिली. दोघं आपापल्या बाजूला बसून जेवली. शिपाई 'चला, चला' म्हणत होता तरी ती उठली नाही.

कैद संपवून तो दिंद्रुडला गेला. पुढं बरीच वर्षं बीडला काम निघालं की तो आपलं नाव म्हाळू सांगायचा. कागदोपत्री तेच सोयीचं होतं. पण त्या दिवशी घरी पोचला तेव्हा त्याला आधी शिवलिंगप्पा दिसला. ओट्यावर बसला होता. बेड्यांनी सोललेले घोटे अजून भरले नव्हते. मल्लम्मा वाटीत हळद कालवत होती. कल्याणरावानं ती वाटी तिच्या हातून घेतली आणि भावासमोर खाली बसला.

"दादा, पाय द्या."

शिवलिंगप्पानं पाय आधी ओढून घेतला. मग पुढं केला.